आठ आठे चौसष्ट

गाणी शफलवर ऐकायची सवय लागली की एक गंमत होते, एकाच अल्बममधली गाणी वर्षानुवर्षं आपल्याला एकमेकांची कोणीच लागत नाहीत असं वाटत राहतं. अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरच्या बाबतीत माझं अगदी हेच झालं. 'सर ड्यूक' मला नाचायचं गाणं म्हणून माहीत होतं, 'इझन्ट शी लव्हली' कुणाला बाळ झालं की व्हिडिओला लावतात ते, आणि 'पासटाइम पॅराडाइज'ची चाल तर मी आधी कूलिओच्या १९९५ च्या रॅपमुळे पाठ केली आणि मूळ गाणं १९७६ चं आहे हे फार नंतर कळलं. ही तिन्ही 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' या एकाच अल्बममधली आहेत हे समजलं तेव्हा मी खरंच दोनदा चेक केलं.

मग एका रविवारी ठरवून शफल बंद केलं आणि पहिल्यापासून लावलं. दोन मोठ्या रेकॉर्डवर सतरा गाणी, आणि तेवढ्यात मावलं नाही म्हणून सोबत एक छोटी रेकॉर्ड, तिच्यावर अजून चार. माणूस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सव्वीसाव्या वर्षी मी काय करत होतो ते जाऊ दे. अल्बम इतका लांबला होता म्हणे की 'जवळजवळ होत आलंय' असं छापलेले टीशर्ट निघाले होते, हे वाचल्यापासून माझं काम वेळेत झालं नाही की मला तो टीशर्ट हवा असतो. त्याच सुमारास गायक पॉल सायमनला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं तेव्हा त्याने स्टेजवर स्टीव्हीचे आभार मानले, की बाबा यावर्षी तू अल्बम काढला नाहीस. कारण आधीची दोन वर्षं ते बक्षीस स्टीव्हीनेच नेलं होतं आणि पुढच्या वर्षी हा अल्बम आल्यावर परत यानेच नेलं.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या गाण्याबद्दल. 'व्हिलेज घेटो लँड' सुरू होतं तेव्हा वाटतं आता एखाद्या राजवाड्यात पडदे बाजूला होणार आणि विग घातलेली मंडळी वाकून नमस्कार करणार, इतकं ते व्हायोलिन-चेलोवालं नाजूक संगीत आहे. आणि शब्द ऐकावेत तर उपाशी माणसं, कुत्र्याचं खाणं खाणारी कुटुंबं, फुटक्या काचा. मी पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच दिलं नव्हतं, नुसतं छान छान म्हणत होतो, आणि लक्षात आल्यावर कानकोंडा झालो, कारण राजवाड्यातला माणूस मीच निघालो ना. वर आणखी एक, त्यात खरं व्हायोलिन एकही नाहीये. ते सगळं स्टीव्हीने यामाहाच्या जीएक्स-१ नावाच्या अवाढव्य सिंथेसायझरवर वाजवलंय, म्हणजे श्रीमंती पण खोटीच. हेच शब्द त्याने रडक्या चालीत बसवले असते तर मी 'अरेरे' म्हणून पुढच्या गाण्यावर गेलो असतो.

यानंतर माझा अल्बम ऐकायचा सूरच बदलला. आधी वाटायचं की हा गडी आपल्याला काय काय येतं ते दाखवतोय, जॅझ घ्या, फंक घ्या, चर्चमधलं घ्या, झुलू भाषेतली ओळ घ्या. तसं नाहीये. 'ऑर्डिनरी पेन' बघा, पहिल्या अर्ध्यात प्रेमभंग झालेला हा मऊ मऊ आवाजात कण्हतो, आपल्याला त्याची दया यायला लागते, आणि मध्येच गाणं तुटून एकदम दणकट फंक सुरू होतं आणि ती बाई, म्हणजे गायिका शर्ली ब्रूअर, येऊन त्याची अशी सालटी काढते की बास. बोलणारा माणूस बदलला तर संगीताने तरी आधीचंच का राहावं! आणि 'इफ इट्स मॅजिक'मध्ये गळा आणि डोरोथी ॲशबीची हार्प, शेवटी जराशी हार्मोनिका, संपलं, कारण त्या गाण्याला तेवढंच पुरतं, आणखी एक जरी वाद्य घातलं असतं तरी मोडलं असतं ते.

'इझन्ट शी लव्हली' साडेसहा मिनिटांचं आहे. रेडिओसाठी ते कापायला तो तयार झाला नाही. मलाही आधी ते लांब वाटायचं, शब्द संपतात, मग हार्मोनिका चालूच राहते, चालूच राहते, मध्ये बाळाचे आवाज. पण नव्या बापाला बाळाचा फोटो दाखव म्हणून बघा, एक दाखवून थांबलेला बाप मी अजून पाहिलेला नाही. हा तर लेकीचं आंघोळीचं रेकॉर्डिंग घेऊन बसलाय, आपण कौतुकाने बसून राहायचं.

सगळंच जमलंय असं मात्र नाही. 'ब्लॅक मॅन' आठ मिनिटांच्या वर आहे आणि शेवटी चक्क वर्गात प्रश्नोत्तरं चालतात, अमुक कुणी केलं, तमुक कुणी शोधलं, सगळ्या वर्णांच्या माणसांनी मिळून हा देश घडवला वगैरे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्याच वर्षीचा अल्बम, तेव्हा हे ठणकावून सांगणं गरजेचं असणार, मान्य. पण मला परीक्षेला बसवल्यासारखं होतं.

आणि 'ॲज'. मी तुझ्यावर कधीपर्यंत प्रेम करीन, तर डॉल्फिन उडायला लागतील आणि पोपट समुद्रात राहतील तोवर, आठ गुणिले आठ गुणिले आठ बरोबर चार होईल तोवर. आपल्याकडे यावच्चंद्रदिवाकरौ म्हणून मोकळे होतात, भारदस्त आहे पण चंद्र-सूर्यावर कोणीही बोलेल, पाढ्यांवर प्रेमाची शपथ घ्यायला वेगळी हिंमत लागते. आठ आठे चौसष्ट, चौसष्ट आठे पाचशेबारा. पाचशेबाराचे चार व्हायची वाट बघायची. आणि हे सांगताना तो विव्हळत नाही, पाय हलायला लागतील अशा ठेक्यात, मागे सगळी मंडळी गातायत, जॅझवाला हर्बी हॅनकॉक कीबोर्डवर, सात मिनिटं झाली तरी कोणाची थांबायची इच्छा दिसत नाही.

आता ओळीनेच ऐकतो. काल पण लावला होता, भांडी घासताना, आणि 'ब्लॅक मॅन'ची प्रश्नोत्तरं आली तेव्हा पुढे ढकलावं म्हटलं तर दोन्ही हात साबणाने भरलेले. ऐकलं सगळं. दोन उत्तरं मला आली पण.