‘चालू ऐतल्ल री’: नव्या कॉम्प्युटरच्या रिस्टार्टचा माझा अनुभव

रिस्टार्टला अडकणारा नवा कॉम्प्युटर दुकानात दाखवायला नेणार असाल तर एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं नंतर. काउंटरवरच्या माणसाला तो नुसता चालू करून बघू देऊ नका. तासभर चालवायला लावा आणि मग विंडोजमधूनच रिस्टार्ट द्यायला लावा, तुमच्या डोळ्यांसमोर. हे मला पहिल्या फेरीला सुचलं असतं तर भर आषाढात खानापूर-बेळगाव अशा दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

खानापुरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल, फोटो अल्बम. जुनं मशीन अल्बमची फाइल उघडतानाच दमायचं, म्हणून गणपतीची कामं यायच्या आत नवं घ्यायचं ठरवलं. सुटे भाग बेळगावातल्या एका दुकानातून घेतले आणि घरी स्वतः जोडले. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याला बसणारा एएम ५ सॉकेटचा मदरबोर्ड, ६००० वेगाच्या १६ जीबीच्या दोन डीडीआर ५ रॅम, १ टीबीची एसएसडी, मध्यम ग्राफिक्स कार्ड. जोडताना काही अडलं नाही. पहिल्यांदा बटण दाबल्यावर मात्र पडदा दोन-तीन मिनिटं काळाच राहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. डीडीआर ५ मध्ये बोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेव्हा घाबरून बटण दाबायचं नाही, थांबायचं.

आठवडाभर सगळं छान. मग एका रात्री विंडोजचा अपडेट आला, मी रिस्टार्टवर टिचकी मारून झोपायला गेले. सकाळी आई म्हणाली, “अगं, रात्रभर पंखे फिरताहेत की याचे.” बघते तर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, कीबोर्डचा दिवा बंद, आणि कॅबिनेटच्या काचेतून बोर्डावर तिळाएवढा एक पिवळा दिवा जळतोय. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात ‘डीरॅम’ (म्हणजे रॅम) लिहिलेलं. बटण पाच सेकंद दाबून धरलं, बंद झाला. परत चालू केला तर काही झालंच नाही अशा थाटात विंडोज आलं.

पुढचे चार दिवस तेच. शटडाउन केला, चालू केला: ठीक. करंट गेला, आला, चालू केला: ठीक. रिस्टार्ट दिला की कधी यायचा, कधी त्या पिवळ्या दिव्यावर अडकायचा.

विचारावं त्याने वेगळं सांगितलं. एक म्हणाला फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर उठवायची सोय, बंद कर. केलं, फरक शून्य. नंतर लक्षात आलं की फास्ट स्टार्टअपचा संबंध शटडाउनशी आहे; रिस्टार्टच्या वेळी विंडोज तसंही पूर्ण बंद होऊन नव्याने उठतं. दुसऱ्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला सांगितलं, तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा लाल नोंदींची रांग होती. “झालं, एसएमपीएस गेला,” तो म्हणाला. एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा; मी नवा घ्यायला निघालेच होते. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. बंद तर मीच करत होते, बटण दाबून! नोंदीची वेळ आणि मी बटण दाबल्याची वेळ जुळवून बघितली तेव्हा हे उमगलं आणि पैसे वाचले.

आता दुकान.

पहिल्या फेरीला भाऊ बरोबर होता. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळलं (प्रवासात हे करायचंच, हादऱ्याने स्लॉट दुखावतो), कॅबिनेट मूळ खोक्यात थर्माकोलसकट घातलं आणि एसटीने बेळगाव. पाऊस असा की स्टँडवरून रिक्षात बसेपर्यंत खोक्याचा एक कोपरा भिजून मऊ झाला. काउंटरवरच्या माणसाने केबल लावली, बटण दाबलं, विंडोज आलं. “चालू ऐतल्ल री, मॅडम.” चालू आहे की हो. मी कन्नडमध्ये समजावलं, मग हिंदीत, की चालू होतो, रिस्टार्ट होत नाही. त्याने शटडाउन केला, परत बटण दाबलं. “आत्ता बघा, झाला की नाही रिस्टार्ट?” मी म्हटलं, हा रिस्टार्ट नव्हे. तो माझ्या भावाकडे बघून म्हणाला, “घरात वायरिंग तपासून घ्या.” भाऊ डेअरीत कामाला आहे, कॉम्प्युटरला त्याने कधी हात लावलेला नाही. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर त्याला मिळायचं. परतीच्या बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या फेरीला दोन दिवस ठेवून घेतो म्हणाले. ठेवला. परत आणायला गेले तर जॉब कार्डावर दोन शब्द: वर्किंग ओके. काय तपासलं, किती वेळा रिस्टार्ट दिला, काही नाही. घरी येऊन उघडला तर दोन्ही रॅम प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. मी त्या दुसऱ्या आणि चौथ्यात बसवल्या होत्या, बोर्डाच्या पुस्तिकेत तसंच आहे, दोन चॅनेल चालावेत, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जाव्यात म्हणून. म्हणजे रॅम काढून बघितल्या, बहुतेक स्वतःच्या लावून बघितल्या, आणि माझ्या परत लावताना पुस्तिका उघडली नाही. मशीन देताना आतला फोटो काढून ठेवा. माझ्याकडे होता म्हणून मला खात्रीने म्हणता आलं की हे मी केलेलं नाही.

त्या रात्री मी वही घातली. तारीख, मशीन किती वेळ चालू होतं, रिस्टार्ट झाला की अडकला, कुठला दिवा. रॅम पुन्हा जागेवर लावून ३० वेळा रिस्टार्ट दिला, ११ वेळा अडकला. आणि वहीतूनच धागा सापडला. चालू केल्या केल्या दिलेले रिस्टार्ट जवळजवळ सगळे पार पडले होते. अडकलेले बहुतेक तासाभरानंतरचे, मशीन तापल्यावरचे. दुकानात कुणी तासभर थांबलंच नव्हतं.

मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्राम) गेले. रॅमच्या डब्यावरचा ६००० हा वेग आपोआप मिळत नाही, त्यासाठी एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. ते मी पहिल्या दिवशीच केलं होतं. आता बंद केलं, रॅम ४८०० वर आली, आणि २० पैकी २० रिस्टार्ट व्यवस्थित. त्याआधी एका रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ही रॅमची चाचणीही चालवली होती, एकही चूक निघाली नव्हती. तेव्हा मी रॅम निर्दोष धरून चालले होते. पण ती चाचणी मशीन उठल्यावर चालते. माझा घोटाळा उठतानाचा होता.

तिसऱ्या फेरीला एकटी गेले, सकाळी दुकान उघडताना, वही घेऊन. एक्स्पो मुद्दाम परत चालू करून ठेवलं होतं. म्हटलं, मी इथेच बसते, मशीन तासभर चालू ठेवा. स्टूल मिळालं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, कुणाला माउस, कुणाला प्रिंटरची शाई. सव्वा तासाने मी सांगितलं, आता रिस्टार्ट द्या. पहिला झाला. दुसरा झाला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला उठून जावंसं वाटलं. म्हटलं, अजून एक. तिसऱ्याला पडदा काळा, पंखे चालू, पिवळा दिवा. मी काही न बोलता बोट दाखवलं. आत काम करणारा तरुण मुलगा बाहेर आला, वाकून दिव्याकडे बघितलं, वही चाळली आणि म्हणाला, “अक्का, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं होतंसा.” दिलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

तोडगा म्हणून दोन गोष्टी पुढे आल्या. एक्स्पो बंद ठेवूनच वापरा, किंवा रॅम बदलायला पाठवू, तीन आठवडे लागतील. पहिली मला मान्य नव्हती, ६००० चे पैसे मोजले होते. दुसरीला वेळ नव्हता, तीन मंडळांचे अहवाल डोक्यावर होते. त्या मुलानेच जाता जाता विचारलं, “बायोस कुठलं आहे?” तिथेच उघडून बघितलं. बोर्ड कारखान्यातून आला तेव्हाचं. मी मशीन परत घेऊन आले, पण जॉब कार्डावर पूर्ण वाक्य लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडलं नाही.

घरचं काम एका संध्याकाळचं होतं. दुवा असा की बोर्ड एकदा केलेलं मेमरी ट्रेनिंग साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो, म्हणून लवकर उठतो. बायोसमध्ये त्याचं नाव मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर. ते बंद केलं तर एक्स्पो चालू असूनही रिस्टार्ट अडकेना, फक्त दर वेळी मिनिटभर काळा पडदा. म्हणजे साठवलेली जुळणी तापलेल्या मशीनला पुरेशी पडत नव्हती. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून माझ्याच मॉडेलचं नवं बायोस उतरवलं (मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, वायफायवालं आणि बिनवायफायचं वेगळं असतं), फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकलं आणि बायोसमधूनच चढवलं. त्यासाठी करंटवर विसंबले नाही. त्या दिवशी चारदा गेला होता. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरेपर्यंत थांबले आणि मगच सुरू केलं. बायोस लिहिताना मशीन बंद पडलं तर बोर्डच बसतो.

नवं बायोस चढलं की जुन्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. एक्स्पो परत चालू केलं, कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू केलं आणि त्याबरोबर ‘पॉवर डाउन’ हे मेमरीचं वीज वाचवणारं सेटिंगही चालू ठेवलं. दोन तास अल्बमच्या फाइली उघडून मशीन तापवलं आणि रिस्टार्ट द्यायला बसले. ४० वेळा. शेवटच्या दहा वेळा आईच मोजत होती. एकदाही अडकला नाही, आणि काळा पडदाही काही सेकंदांचाच.

हो, एक राहिलं, आणि हे बायोसला हात लावायच्या आधी करायचं. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एनक्रिप्शन (बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज त्याची रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ आकडी असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन आधीच कागदावर उतरवून घ्या. मी घेतली होती, मागितली नाही, पण ते अहवाल आत अडकले असते तर मंडळांना काय तोंड दाखवलं असतं!

अहवाल वेळेत छापून गेले. जॉब कार्डावर त्या मुलाच्या अक्षरात लिहिलंय: एक तासानंतर रिस्टार्टला अडकतो, डीरॅम दिवा, गिऱ्हाइकासमोर तपासलं. ते बिलाच्या फाइलीत आहे, ‘वर्किंग ओके’च्या वर टाचलेलं.