दुधाचे दात पडायची वाट बघत बसले होते
आज लेकीला घेऊन नौपाड्यात तारा बसवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. वय सव्वाआठ. "सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू," असं घरात सगळेच म्हणायचे, मीही तेच धरून बसले होते.

डॉक्टर तिला म्हणाल्या, "हळूच दात मिटून दाखव बाळा." मिटताना तिची हनुवटी किंचित डावीकडे सरकली. रोज माझ्यासमोर बसून जेवते, मला कधी दिसलंच नव्हतं! वरचा जबडा अरुंद आहे, त्यामुळे डावीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही अशा तारा बसवणाऱ्या डॉक्टरांची संघटना पहिली तपासणी ७ व्या वर्षापर्यंत करायला सांगते. तोवर बहुधा पहिल्या कायमच्या दाढा आलेल्या असतात, वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते कळतं. बऱ्याच मुलांना लगेच उपचार लागतही नाहीत, नुसती नजर ठेवायची. पण जबडा रुंदावायचा असेल तर याच वयात सोपं, कारण तोंडातल्या टाळूचा मधला सांधा अजून पक्का जुळलेला नसतो.

मूल अंगठा चोखत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर सातपर्यंतही थांबू नका, प्लीज.

येताना रिक्षात ती मोबाइलच्या कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा दात मिटून बघत होती.