पूर्व दरवाज्याशी भरलेला तास

आमचे घराणे नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचे. यजमानांची नावे गावागणिक नोंदवलेल्या वह्या लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेल्या असत. कोणी अस्थी घेऊन आले की वडील गाव आणि आडनाव विचारून नेमकी वही काढत आणि त्याच्या पणजोबांची सही त्याच्यापुढे धरत. मुंज झाली, संध्या पाठ झाली, आणि पुढे काय व्हायचे हे मला कोणी विचारले नाही, कारण ते ठरलेलेच होते.

नववीत इतिहासाच्या सरांनी आमचा वर्ग काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाज्यापर्यंत चालत नेला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, चारही दरवाज्यांवर ठाण मांडून बसलेले स्त्री-पुरुष, रथ ओढण्यावरून उसळलेला संघर्ष, दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलेला लढा आणि १९३५ साली येवल्यात झालेली धर्मांतराची घोषणा हे सारे त्यांनी तिथेच उभ्याने सांगितले. त्या दारातून मी लहानपणापासून आत-बाहेर करत होतो. ते कोणासाठी बंद होते, हे घरात कधी निघाले नव्हते.

सत्याग्रहाच्या वेळी आजोबा माझ्याच वयाचे होते. ‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’ असे मी विचारले. हातातली जपमाळ न थांबवता ते म्हणाले, ‘आत.’

मी जानवे खुंटीला अडकवले आणि त्या चैत्रात रथाच्या दोराला हात लावला नाही. (त्या बंडात तत्त्वाइतकाच वयाचाही भाग होता.) आईने अबोला धरला, वडिलांनी आवाज चढवला. मात्र रामरक्षा पुटपुटल्याशिवाय मला शाळेची वाट धरवत नसे, आणि हे सांगायची कुठेच सोय नव्हती: घरी मी नास्तिक, वर्गात भटजीचा मुलगा.

सर म्हणाले, ‘आजोबा तुझ्याशी खोटे बोलले नाहीत. पुन्हा विचार, पण या वेळी खाली बसून ऐक.’ मी बसलो. बाहेरच्या घोषणा आत ऐकू येत आणि वडीलधारी मंडळी त्यावर चकार शब्द काढत नसत, एवढे त्यांनी सांगितले. आपले चुकले असे ते म्हणाले नाहीत.

घरचा व्यवसाय धाकट्या भावाने सांभाळला, मी अभियांत्रिकीला गेलो. वडिलांचे दहाव्याचे विधी मात्र मीच जानवे घालून केले. ते ढोंग होते की नाही, यावर भावाचे आणि माझे अजून एकमत नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझे एकच मागणे आहे: परीक्षेत त्यावर प्रश्न येवो न येवो, नववीचा तो तास दरवाज्याशीच घेतला जावा.