रिजेक्ट माल

आमच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींच्या हातात मी पहिल्यांदा गोल्फचा बॉल दिला, तेव्हा त्यांनी तो दिव्याखाली धरून दोनदा फिरवला आणि परत माझ्या हातावर ठेवला. "मालक, रिजेक्ट आहे. सगळ्या अंगाला ब्लो होल पडल्यात."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, उभं आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर असला एक खड्डा दिसला तरी आम्ही माल परत पाठवतो. ह्या बॉलवर तर तीन-चारशे! मग मी त्यांना बसवून सांगितलं. गुळगुळीत बॉल हवेतून जाताना त्याच्या पाठीमागं हवेचा मोठा घोळ होतो आणि तो बॉलला मागं ओढतो. खड्ड्यांमुळं हवा बॉलला जरा जास्त वेळ चिकटून राहते, ओढ कमी होते, आणि तेवढ्याच जोरात मारलेला बॉल जवळजवळ दुप्पट लांब जातो. एकोणिसाव्या शतकात गटापर्चाच्या चिकाचे गुळगुळीत बॉल असायचे, तेव्हा खेळणाऱ्यांच्याच ध्यानात आलं की नव्या कोऱ्यापेक्षा मार खाऊन ओरखडलेला बॉल चांगला उडतो. पुढं कारखान्यातूनच बॉल खडबडीत यायला लागले.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता डिजिटल व्हर्निअर लावला. ४२.७०. नियमात व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम लागतं म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे ड्रॉइंगप्रमाणं आहे की!" त्या दिवसापासून त्यांनी माझ्या खेळाला नावं ठेवली नाहीत. माझ्या खेळण्याला ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

हा नाद मला लागला चाळिशी उलटल्यावर. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर, म्हणजे मैदानावर, नेलं आणि हातात काठी दिली. पहिला फटका हवेत. दुसरा हवेत. तिसऱ्याला मातीचं ढेकूळ बॉलच्या पुढं गेलं. क्रिकेटमध्ये निदान बॉल अंगावर येतो, चुकलं तर बॉलरला श्रेय देऊन मोकळं होता येतं. इथं तो बिचारा गवतावर गप बसलेला असतो, तुमची वाट बघत. सातवा की आठवा फटका होता, 'टक्' असा बारीक आवाज आला आणि हाताला काहीच लागलं नाही. मला वाटलं, हाही चुकला. वर बघितलं तर बॉल लांब आभाळात, बारीक होत चाललेला. बरोबर लागलेला फटका हाताला कळतच नाही, हे तेव्हा समजलं. नऊ वर्षं झाली, त्या न लागण्यासाठी मी पेट्रोल जाळतोय.

कोल्हापुरात हा खेळ सांगायची चोरी. आमच्याकडं खेळ म्हणजे आवाज. वडील तालमीतले, खासबागेत हलगी कडाडल्याशिवाय कुस्ती बघितल्यासारखी वाटायची नाही त्यांना. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींची फुटबॉलची मॅच असली की अख्ख्या पेठा दुकानाचं शटर ओढून जातात. मीही जातो, घसा बसवून येतो. असल्या गावात कुणाला सांगायचं, की आमच्या खेळात दुसरा मारत असताना खोकायचंसुद्धा नाही?

दर वेळी पुण्याला जाणं परवडत नाही. म्हणून पन्हाळ्याच्या वाटेला मेव्हण्याचं एक पडीक रान आहे, तिथं मी माझा कोर्स केलाय. एकच होल. पाइपचा तुकडा घेतला, लेथवर आतून बरोबर १०८ मिलिमीटर बोअर केला आणि पुरला. जगभर होल एवढंच, सव्वाचार इंच. अडीच बॉल शेजारी शेजारी बसतील इतकं. टीव्हीवर ते बादलीएवढं दिसतं. तीन फुटांवर उभं राहिलं की अंगठी वाटायला लागते. सभोवती हिरवळ पोसायला पाणी कुठलं? तेवढा तुकडा चोपून शेणानं सारवून घेतला. जगात त्याला ग्रीन म्हणतात. आमचं खळं. सारवलेलं ताजं असलं की बॉल असा सरळ पळतो म्हणता! मेव्हणा बांधावर बसून बघतो आणि दर रविवारी तेच म्हणतो, "दाजी, एवढ्या खर्चात दोन म्हशी आल्या असत्या."

ह्या कोर्सचा दोष एकच. तिन्ही बाजूंनी ऊस. हरवलेला बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीन केली. नियम करणाऱ्यांनी ऑगस्टमधला ८६०३२ जातीचा ऊस बघितलेला नसणार. पुरुषभर उंच झालेल्या त्या रानात शिरायलाच दोन मिनिटं जातात, आणि बाहेर येताना हातावर पात्यांचे ओरखडे. सापडला नाही तर एका फटक्याचा दंड घ्यायचा आणि मूळ जागेवर जाऊन पुन्हा मारायचं. बघायला कुणी नसतं. पंच नाही, प्रतिस्पर्धी नाही, मेव्हणा तर डुलकी काढत असतो. तरी मी दंड मोजतो. जुन्या काळातल्या बॉबी जोन्स ह्या नामांकित खेळाडूनं १९२५ च्या यूएस ओपनमध्ये, मारायला उभा राहिल्यावर बॉल किंचित हलला म्हणून स्वतःवर एक फटका लावून घेतला होता. दुसऱ्या कुणी तो हललेला बघितलाच नव्हता. पुढं बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. मला हे फार मोठं वगैरे वाटत नाही. पाच मायक्रॉन जास्त गेलेला जॉब ज्यानं स्वतःच बाजूला काढून ठेवलाय, त्याला ते कळतं. पण आमच्या मोजणीत प्रामाणिकपणाला एक अडचण आहे. मी तेराला तेरा लिहितो, आणि बायको ती वही पाहुण्यांना दाखवते.

बघण्याचा नाद खेळण्याहून वाईट, कारण तो रात्रीचा. एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑगस्टाची मास्टर्स ही मोठी स्पर्धा असते, तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. पहिल्या वर्षी बायको थोडा वेळ बसली. कॉमेंट्री करणारे हळू आवाजात बोलतात म्हटल्यावर म्हणाली, "हे कुजबुजत्यात का? घरात कोण आजारी आहे?" कमी फटक्यांचा माणूस जिंकतो हे सांगितल्यावर, "कमी मार्काला पहिला नंबर? मग धाकट्याला उगीच शिकवणी लावली," आणि "मी झोपतो" म्हणून आत गेली ती गेलीच.

२०२५ ची मास्टर्स नेमकी जोतिबाच्या चैत्र यात्रेत आली. शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉय पुढं होता. मोठी स्पर्धा जिंकून त्याला जवळजवळ ११ वर्षं झालेली, आणि ह्याच कोर्सवर २०११ मध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घालवून ८० मारून गेलेला माणूस. तेराव्या होलवर, शंभर यार्डांच्याही आतून, पुढं सगळं रान मोकळं असताना त्यानं बॉल ओढ्यात घातला. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. असला फटका मी दर रविवारी मारतो! जगातला एवढा मोठा खेळाडू आणि मी, आमच्यात त्या एका क्षणी काही फरक नव्हता. अठराव्यावर पाचेक फुटांचा पट, म्हणजे होलात ढकलायचा हळू फटका, घातला असता तर जिंकलाच असता, तोही चुकवला. मग जस्टिन रोझशी प्लेऑफ, आणि तिथं बर्डी. बर्डी म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. शब्दाचा अर्थ पाखरू. येरवड्याच्या कोर्सवर माझ्या नावावर आजवर एकही पाखरू नाही. रोरी गुडघ्यावर कोसळला तेव्हा बाहेर डोंगरावरून परतणारी एक जीप गेली, गुलालानं माखलेली, आणि कुणीतरी ओरडलं, "चांगभलं!" मीही ओरडलो. धाकटा दचकून उठला.

एकच सकाळ अशी होती की मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ७ ऑगस्ट २०२१. महापूर ओसरून दोन आठवडे झालेले, गावात अजून चिखलाचा वास. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फ खेळणारी अदिती अशोक शेवटच्या दिवशी पदकाच्या जागेवर होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, आणि बॅग सांभाळायला सख्खी आई. चहाच्या गाड्यावर मोबाइलभोवती आठ-दहा जण, आणि त्यातला एक मला विचारतोय, "भावा, पट म्हणजे काय?" एका फटक्यानं कांस्य हुकलं, चौथी आली. गाड्यावर कुणी बोललं नाही. कोल्हापुरात मी पहिल्यांदाच गोल्फची शांतता ऐकली. संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला टाकला आणि गाव सकाळ विसरलं, ते बरोबरच होतं.

परवा डिसेंबरात मेव्हण्याचा फोन आला, तोड सुरू झालीय, येऊन जा. गेलो. अर्धं रान मोकळं झालेलं, फडात पाचट पसरलेलं. बीडकडची टोळी होती. मुकादमानं मला बघून टॉवेलची गाठ सोडली आणि माझ्यापुढं एकेक करून बॉल मांडले. सतरा. काही पिवळे पडलेले, एकाला उंदरानं कुरतडलेलं.

"मालक," तो म्हणाला, "कुन्या पाखराची हायती ही? दगडावर हाणून बघितली. फुटंनात."