संवाद कुठे गेले?

"तुम्ही नाटकातले, मग तुमच्या लघुपटांत कुणी बोलत का नाही?" फोंड्यात एकांकिका स्पर्धा संपली की कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ही खोड कॉलेजातल्या एका स्वाध्यायाने लागली. पाच जणांचा गट, तीन मिनिटांची फिल्म, संवाद शून्य.

गोष्ट साधी होती. एक आजोबा आपली वाजवायची पेटी कुणाला तरी देऊन टाकायला रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला निघतात. द्यायचं मन नाही. हे बोलल्याशिवाय कळणार कसं? आम्ही फोनवरचं बोलणं घुसवलं. सरांनी त्यावर काट मारली.

संध्याकाळची वेळ. पणजीच्या बाजूला तोंड करून निम्मे शॉट घेतले, तेवढ्यात सूर्य थेट लेन्समध्ये. म्हणून कॅमेरा उचलून आजोबांच्या दुसऱ्या अंगाला नेला. एडिटिंगला बसलो तर आजोबा उजवीकडे बघत निघतात आणि पुढच्याच शॉटमध्ये डावीकडे बघत परत येतात! मांडवी तीच, फेरी तीच. नाटकात प्रेक्षकाची खुर्ची जागची हलत नाही, त्यामुळे डावं-उजवं ठरलेलं असतं. कॅमेरा मात्र ती खुर्चीच उचलून पलीकडे ठेवतो. म्हणून कॅमेरा एकाच बाजूला ठेवायचा; याला १८० अंशांचा नियम म्हणतात, हे तोवर फक्त वहीत होतं. वाचवलं एका फालतू म्हणून टाकलेल्या शॉटने: आजोबा पाठमोरे, समोर चोडणची खारफुटी. ना डावं, ना उजवं. तो मध्ये जोडला आणि फेरी सरळ पुढे गेली.

दुसरी अडचण खुद्द आजोबा. ते आमच्यातल्याच एकाचे आजोबा, जन्मभर जत्रेतली नाटकं केलेले. चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. दहा मिनिटांत तीनदा रडले. शेवटी आम्ही ते सगळं टाकून, ते नुसतेच उभे असतानाचा एक शॉट घेतला. त्याच्यापुढे पेटीवरचा हात, मग जवळ येणारा धक्का. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला, तेव्हा लोकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले म्हणतात. आमच्या वर्गात दोघींनी डोळे पुसले.

आजोबांनी फिल्म पाहिली आणि वैतागले. "यात माझं काम कुठे आहे? मी तर तेव्हा त्या स्कूटरवाल्याकडे बघत होतो रे, पायावर घालतो की काय म्हणून!"