रिंग वाचवायची म्हणजे गाव वाचवायचं

बेळगावला सुट्टीवर आलो की उद्यमबागेतले जुने दोस्त हमखास विचारतात, "तुमच्या तिकडं म्हणे कुणीपण तिकीट काढून रेसच्या ट्रॅकवर गाडी घालतोय. खरं काय ते?"

होय की, खरं आहे. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफे, एका फेरीला २०.८ किलोमीटर भरतो. वळणं ७३. सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत वरचं टोक धरलं तर उंचीचा फरक ३०० मीटरच्या घरात. रेस नसते आणि मोटार कंपन्यांचं टेस्टिंगही नसतं, तेव्हा फाटक सगळ्यांसाठी उघडतं. तिकिटाचे पैसे भरायचे आणि निघायचं. कायद्याच्या लेखी त्या वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, आणि धडकून लोखंडी कठडा वाकवलात तर त्याचं बिल तुमच्या नावावर. पुढं पोर्शे, मागं भाड्याची छोटी हॅचबॅक, मधेच एखादा बाप पोरांना घेऊन आलेला, हे इथं नेहमीचं दृश्य.

मी मूळचा ओतकामातला. बेळगावच्या फाउंड्रीत शिकलो आणि ब्रेकच्या कास्टिंगच्या कामावर जर्मनीत आलो. फॅक्टरीतला चाचणीचा अहवाल आणि रिंगवरच्या उतारावर तापून निळी पडलेली डिस्क यांत किती अंतर असतं, हे मला इथंच कळलं. म्हणून शनिवार-रविवार मी आयफेलच्या डोंगरात जायला लागलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २०१२ च्या जुलैमध्ये, रिंग चालवणारी सरकारी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

हे कसं घडलं ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

कोलोन आणि कोब्लेन्झच्या आसपासचा हा आयफेलचा पट्टा पूर्वी फार गरीब होता. हलकी जमीन, लांबलचक थंडी, धुकं आणि पाऊस. 'प्रशियाचा सायबेरिया' असं लोक त्याला म्हणत. १९२५ मध्ये आडेनाऊ जिल्ह्याचे प्रमुख ऑटो क्रॉयट्झ यांनी इथं मोटारींच्या शर्यतीसाठी रस्ता बांधायचं काम रेटून मंजूर करून घेतलं. हेतू दोन: जर्मन गाड्यांना चाचणीची जागा मिळावी आणि बेकार हातांना काम मिळावं. आपल्याकडच्या भाषेत, रोजगार हमीचं काम. डोंगर फोडून, खडी अंथरून हा रस्ता झाला आणि जून १९२७ मध्ये पहिल्या शर्यती झाल्या. मोटारींची पहिली शर्यत रुडोल्फ काराचिओला यांनी मर्सिडीजमधून जिंकली. पुढं फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट यांनी या ट्रॅकला 'हिरवा नरक' म्हटलं, १९७६ मध्ये दुसरे ड्रायव्हर निकी लाउडा इथं शर्यतीत भाजले आणि त्यानंतर फॉर्म्युला वन जुन्या ट्रॅकवर परत आली नाही. १९८४ मध्ये शेजारीच नवा, छोटा ट्रॅक झाला. हा इतिहास इंटरनेटवर कुठंही सापडेल. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं मूळ. ही रिंग कुणा श्रीमंताच्या हौसेतून उभी राहिलेली नाही. इथल्या गरिबांच्या पोटासाठी ती उभी राहिली.

आणि पोटं तिच्यावरच भरत आली. नकाशा उघडून बघा. न्युरबुर्ग, क्विडेलबाख, हेर्शब्रॉइख ही गावं रिंगच्या पोटात बसलेली आहेत. ब्राइडशाइडला तर ट्रॅक वस्तीच्या डोक्यावरून पुलावरून जातो. मी उतरायचो ते घरगुती लॉज असंच एक. खाली स्वयंपाकघर, वर पाहुण्यांच्या खोल्या. घरमालकीणबाईंचं वय सत्तरीच्या पुढं, पण २४ तासांच्या रेसच्या आठवड्यात त्या पहाटे पाचला उठून ब्रेड कापायला बसायच्या. जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांच्याकडं उतरलेल्या टीमचे फोटो, त्यावर पेनानं सह्या. खोल्यांच्या किल्ल्यांना आकडे नव्हते, पाहुण्यांची नावं होती. जपानहून टेस्टिंगला येणाऱ्या इंजिनिअरची खोली वेगळी, बेल्जियमच्या मेकॅनिकची वेगळी. माझं नाव किल्लीवर आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेऊन नीट लिहिलं होतं. परक्या मुलखात इतका मान मला आणखी कुठं मिळाल्याचं आठवत नाही.

अशी घरं, बेकरी, गॅरेज, टायरवाले, रेससाठी गाड्या भाड्यानं देणारे, पेट्रोल पंप. सबिने श्मिट्स हे नाव गाडीवेड्या वाचकांनी ऐकलं असेल. २४ तासांची रेस जिंकणारी पहिली बाई, तीही १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोनदा. तीही न्युरबुर्गमधल्या हॉटेल चालवणाऱ्या घरातलीच. मार्च २०२१ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी ट्रॅकच्या एका वळणाला तिचं नाव दिलं गेलं. हॉटेलवाल्याच्या मुलीचं नाव वळणाला लागतं, यावरून गाव आणि ट्रॅक किती एकजीव आहेत ते समजावं.

या एकजीव गोष्टीत सरकारनं पाचर मारली, ती २००९ मध्ये. रिंगची कंपनी ९० टक्के राज्याची आणि १० टक्के जिल्ह्याची होती. नव्या ट्रॅकवरच्या फॉर्म्युला वनचा तोटा वाढत होता. तो भरून काढायला राज्य सरकारनं सुमारे ३३ कोटी युरो ओतून ट्रॅकशेजारी करमणुकीचं संकुल उभारलं: काचेचा प्रचंड मॉल, नवी हॉटेलं, पबचं एक नकली खेडं आणि ग्रँडस्टँडजवळून धावणारा रोलर कोस्टर. खाजगी पैसा येणार होता, तो आलाच नाही. राज्याचे अर्थमंत्री इंगोल्फ डॉयबेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढं कोर्टानं त्यांना शिक्षाही ठोठावली. रोलर कोस्टर चाचणीतच बिघडला, माणसं जखमी झाली. २०१३ मध्ये तो जेमतेम चार दिवस चालला आणि बंद पडला.

मी तो मॉल पाहिला आहे. बाहेर पाऊस, आत दिव्यांचा झगमगाट, आणि निम्म्या दुकानांची शटरं खाली. पैसा जनतेचा, आणि त्यातून उभी राहिलेली हॉटेलं पिढ्यान्‌पिढ्या पाहुणे सांभाळणाऱ्या घरांच्याच मुळावर आलेली. संतापाचं खरं कारण हे होतं. इथं येणारा माणूस मॉलसाठी येत नाही, तो ट्रॅकसाठी येतो. रात्री त्याला गरम सूप, कोरडी खोली आणि गाडीचं क्लच बदलून देणारा माणूस हवा असतो. हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. विचारलं कुणीच नाही.

दिवाळखोरीनंतर धास्ती पसरली ती विक्रीची. उद्या कुणी धनाढ्य येईल, फाटकाला कुलूप लावेल आणि ट्रॅक फक्त कंपन्यांना आणि श्रीमंतांच्या क्लबला देईल. तेव्हा 'सेव्ह द रिंग' या मोहिमेचे स्टिकर गाड्यांच्या मागच्या काचांवर दिसायला लागले. 'या त्सुम न्युरबुर्गरिंग' (म्हणजे 'न्युरबुर्गरिंगला होय') नावाची संघटनाही लढत होती. तिच्यामागं ओटो फ्लिम यांच्यासारखा वजनदार माणूस होता, जर्मनीतल्या सगळ्यांत मोठ्या मोटार क्लबचे माजी अध्यक्ष. मागणी साधी होती: मॉल आणि ट्रॅक वेगळे करा. मॉल विकायचा तर विका, पण ट्रॅक लोकांच्या हितासाठी चालू द्या.

माझं काम लहानसं. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना समजावलं, गाडीवर स्टिकर लावला, आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आमदारांना पत्रं लिहिली. घरमालकीणबाईंनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुरुस्त करून दिली. परदेशी माणसानं या भानगडीत का पडावं, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. मी त्याला सांगितलं की मी सीमाभागातला आहे. आपल्या जागेबद्दलचा निर्णय दूरच्या कुठल्या तरी टेबलावर होतो तेव्हा काय वाटतं, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडं हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाची जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात उभे राहिले. त्यांच्यातले काही माझ्या नात्यातलेच.

निकाल काय लागला? पूर्ण विजय मिळाला नाही, हे स्पष्टच सांगतो. २०१४ च्या मार्चमध्ये मॉलसकट सगळी मालमत्ता काप्रिकॉर्न नावाच्या कंपनीला ७.७ कोटी युरोंना विकली गेली. तिचे हप्ते थकले आणि वर्षाअखेर मोठा हिस्सा व्हिक्टर खारितोनिन या रशियन उद्योगपतीकडं गेला. राज्यानं दिलेली मदत बेकायदा होती असं युरोपीय आयोगानं ठरवलं, पण विक्री मात्र योग्य धरली. संघटना त्याविरुद्ध लढत राहिली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयानं विक्रीबाबतचा आयोगाचा तो निर्णय रद्द केला. तोवर मालकी रुळून गेली होती.

पण एक गोष्ट हाती लागली आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. विक्रीआधीच राज्याच्या विधानसभेनं रिंग लोकांसाठी खुली राहावी म्हणून कायदा केला. मालक बदलला, फाटक बंद झालं नाही. २४ तासांच्या रेसला आता दोन लाखांहून जास्त माणसं येतात, आठवडा आधीपासून जंगलात तंबू ठोकून राहतात. घरमालकीणबाईंचं लॉज त्यांची सून चालवते आणि त्या आठवड्यात खोली मिळत नाही.

जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. शंभराहून अधिक माणसं गेली, आडेनाऊ परिसरातही पाणी शिरलं. तेव्हा बचाव पथकं, मदतीचे ट्रक आणि स्वयंसेवक यांचा तळ पडला तो रिंगवर. ज्या आवारात रेसच्या टीम उभ्या असतात तिथं गाद्या, बूट, बाळांचं दूध यांचे ढीग लागले. मीही तिथं खोकी उचलली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णेनं गावं बुडवली, तेव्हा मी इथून फक्त फोन करू शकलो होतो. ती रुखरुख थोडी कमी झाली. ट्रॅक एखाद्या बंद क्लबच्या ताब्यात असता तर ही फाटकं इतक्या झटकन उघडली असती का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही पडतो.

आता घरचं. आमच्या गावच्या माळावर सुगीनंतर बैलगाडीच्या शर्यती व्हायच्या. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं त्या थांबल्या. २०१७ मध्ये कर्नाटकनं कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती वैध ठरवली. मधल्या काळात काय गेलं ते गावानं पाहिलं. शर्यतीची हलकी गाडी बांधणारा सुतार प्लायवूडच्या कपाटांकडं वळला. खिल्लार खोंड घ्यायला चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत जाणारे कमी झाले. माळाला लागून प्लॉट पडले. बैलांना टोचणं, मारणं, शॉक देणं बंदच झालं पाहिजे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण शर्यत चांगल्या रीतीनं भरवणं आणि ती बुडवणं यात फरक आहे.

आता शर्यती पुन्हा भरतात आणि माळाचं 'डेव्हलपमेंट' करायची बोलणी ऐकू येतात: प्रेक्षकांचं स्टँड, कमान, गाळे. काकांनी फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. मी त्यांना आणि कमिटीच्या मंडळींना लांबलचक पत्र लिहिलं आहे. माळ गावच्याच नावावर राहू द्या आणि ते कागदावर आणा, ग्रामसभेचा ठराव करून घ्या. गाळे काढायचेच तर आधी त्या सुताराला, लोहाराला, चहावाल्या मावशीला आणि पेंडीच्या दुकानदाराला विचारा, बाहेरच्या कंत्राटदाराला नंतर. वर्षातून एका मोठ्या शर्यतीसाठी कर्ज काढून स्टँड बांधू नका. माळ वर्षभर पोरांना पळायला, पैलवानांना सरावाला, जनावरांच्या बाजाराला मोकळा ठेवा. आणि शर्यतीच्या दिवशी जनावरांचा डॉक्टर मैदानावर हजर असलाच पाहिजे, त्याचा खर्च मी दरवर्षी पाठवीन.

काकांचं उत्तर आलं आहे. ठरावाचं त्यांना पटलं, गाळ्यांवरून कमिटीत दोन तट आहेत. पुढची बैठक संक्रांतीनंतर आहे. गावातले कुणी हे वाचत असाल तर कृपा करून बैठकीला जा, आणि सुतारमामांना सोबत घेऊन जा.