वाचलं, समजलं, पुढे

आज दादाच्या फोनवर तो सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा बघितला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ट्रेडिंग ॲपमध्ये लॉगिन केलं की येतो ना, एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स या पुढच्या भावावरच्या सौद्यांमध्ये, १० पैकी ९ जणांना तोटा होतो वगैरे, २०२३ च्या जुलैपासून ब्रोकरला तो इशारा दाखवावाच लागतो. दादाने माझ्याशी बोलता बोलताच 'वाचलं, समजलं'च्या बटणावर बोट ठेवलं आणि गेला पुढे. नजरसुद्धा वळली नाही. आता कागदोपत्री त्याला सगळं समजलंय, उद्या काही झालं तर सेबी म्हणणार सांगितलं होतं, ब्रोकर म्हणणार दाखवलं होतं. आणि वहिनीला कुणी काय दाखवलं? असो.

याला संरक्षण म्हणायचं का, हेच दिवसभर घोळतंय. आकडा सेबीचाच आहे, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्स तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एवढं माहीत असून नुसता इशारा? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर २०२५ मध्ये सरळ बंदीचा कायदा आला. दादा म्हणतो तो जुगार, हे मार्केट. मान्य, ज्याच्याकडे शेअर्स आहेत त्याने पडझडीच्या भीतीने पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, घेऊन ठेवला तर ते शहाणपणाचंच आहे. पण एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या, दिवशी दुपारी भाव वाढेल या आशेवर कॉल घेऊन श्वास रोखून बसणारा माणूस कशाचं हेजिंग करतोय, कुठल्या नुकसानीपासून बचाव करतोय?

आणि मी कोण सांगणारी, धाकटी. घरात माझं आधीही कुणी ऐकत नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीची, म्हणजे बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाची, दर आठवड्याची एक्स्पायरी बंद झाली, निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यात कमीत कमी घ्यावा लागणारा गठ्ठा, २५ चा ७५ झाला, तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं, वाटलं आता परवडणारच नाही त्याला. थोडे दिवस थांबलाही. मग जास्त पैसे घेऊन परत आला. दार अरुंद केलं की पुष्कळ लोक बाहेर राहत असतील, चांगलंच आहे, पण ज्याला आत जायचंच आहे तो जास्त काहीतरी पणाला लावून जातो, आणि माझा दादा नेमका त्यातला निघाला. ते पैसे कुठून आले ते मी विचारलं नाही.

पण रात्री पीपीएफचं आठवलं. दादाचं ते खातं अजून शाबूत आहे, कारण ठरावीक कारणं सोडली तर १५ वर्षांच्या आत सगळे पैसे काढता येत नाहीत. तेही सरकारनेच घातलेलं बंधन, आणि त्यावर तो कधी एका शब्दाने कुरकुरला नाही, 'माझे पैसे, मी बघेन' हे फक्त ऑप्शनच्या वेळी. म्हणजे आधीच, मन शांत असताना घातलेलं कुलूप माणूस मानतो, मार्केट चालू असताना आडवं आलेलं नाही. मग महिन्याला तोटा किती झाला की खातं बंद पडावं, हा आकडा खातं उघडतानाच लिहून घ्यायचा आणि मध्येच वाढवू द्यायचा नाही, असा नियम का करू नये? बंदी नाही, आकडा त्याचाच. फक्त तो पाळायला लावायचं काम सरकारचं.

आत्ताच दादाला फोन करून हे सगळं बोलले. चिडला नाही. 'तसा नियम आला तर टाकेन मी आकडा' म्हणाला. मी म्हटलं, नियम येईपर्यंत तो आकडा वहिनीला सांगून ठेव. त्यावर 'बघू' म्हणाला, आणि त्याच्या 'बघू'वर मी आज तरी समाधान मानतेय.